नव्वद नंबरचं तेल

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बावीस पंपांतलं तेल बदललं. अमावस्येची दुपार होती. चहा पिऊन आम्ही दुकानाच्या फळीवरून एकेक डिझेलचा पंप खाली घेतला, त्यातलं पातळ तेल डब्यात ओतून काढलं आणि त्याच्या जागी नव्वद नंबरचं जाड तेल भरलं. ती नको म्हणत होती. मी भरायला लावलं. दिवेलागणीला ती गेली.

लोक विचारतात, शेवटी काय बोलणं झालं. मी सांगतो, तेलाचं झालं. त्यांना ते आवडत नाही. त्यांना वाटते हिनं पोरीचं नाव घेतलं असेल, नाहीतर माझ्या हातात हात देऊन काही म्हटलं असेल. असं काही झालं नाही. तेलाचं बोललो, आणि त्यात मी खोटं बोललो.

माझं दुकान मूर्तिजापूरला. अकोल्याहून येणारी गाडी इथं थांबते आणि मग बडनेऱ्याकडे जाते, त्यामुळे दोन्हीकडचं गिऱ्हाईक यायचं. ट्रॅक्टरचा आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पंप दुरुस्त करायचं काम. पंप म्हणजे पाण्याचा नव्हे. इंजिनाच्या कडेला तो लोखंडी डबा असतो ना, जो डिझेल मोजून दाबून पुढं ढकलतो, तो. त्याच्या पोटात एक दट्ट्या आणि एक नळी असते. दोन्ही जोडीनंच घासून बनवलेली. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. दोघांमध्ये केस जाईल एवढीही जागा नसते. तळहाताचा घाम लागून राहिला तरी दोन दिवसांत त्यावर डाग पडते. म्हणून चालता पंप सांभाळणं सोपं आहे, बंद पंप सांभाळणं कठीण.

हे मला शिकवलं माझ्या वस्तादानं. अमरावतीचे. अर्धं हिंदीत बोलायचे, अर्धं आपल्या वऱ्हाडीत. मी चौथीतून शाळा सोडलेला, मला पुस्तकातलं काही कळायचं नाही, म्हणून ते वासावरून शिकवायचे. चार वाट्या मांडायचे आणि डोळे मिटून हुंगायला लावायचे. घासलेट ओळख, डिझेल ओळख, इंजिनाचं तेल ओळख, टेस्ट ऑईल ओळख. घासलेट धुवायला, पण त्यात पंप ठेवला की आतून कोरडा पडते. डिझेलमध्ये पाणी असते, ते खाली बसते आणि एका पावसाळ्यात दट्ट्या काळा करते. इंजिनाचं तेल चार महिने ठीक, मग त्याची साय धरते. ठेवायचं तर टेस्ट ऑईलमध्ये. पंप मशीनवर लावून तपासतात तेव्हा जे वापरतात ते, पातळ, पाण्यासारखं स्वच्छ. पण पातळ असल्यामुळे ते ओघळून जाते. म्हणून महिन्यातून एकदा पंप उघडून पाहावा लागते, तेल वर भरावं लागते आणि दांडी हलवावी लागते. दांडी म्हणजे पंपाच्या कुशीतून आडवी जाणारी पट्टी. ती सरकली की डिझेल कमीजास्त होते. वस्ताद म्हणायचे, "पंपाले झोपवायचं हाये बेटा, पुरायचं नायी." आळशी माणसानं हे काम घेऊ नये, असंही म्हणायचे, आणि माझ्याकडे पाहायचे.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. सगळ्यांना माहीत आहेत, मी काय सांगू. पेपरवाले यायचे, गाड्या घेऊन साहेब यायचे, गावागावांत मोजणी करायचे आणि जायचे. माझ्या दुकानात त्या वर्षांचा हिशेब एवढाच की पंप दुरुस्तीला यायचे बंद झाले आणि ठेवायला येऊ लागले. विहिरीत पाणी नाही तर इंजिन कशाला चालवता. इंजिन शेतात उभं, आणि चोरटे सगळ्यात आधी पंपच खोलून नेतात, कारण इंजिनात महागाचं तेच. म्हणून लोक पंप काढून पोत्यात गुंडाळून माझ्याकडे आणून द्यायचे. "पाणी लागलं का नेतो, मिस्त्री." मी ठेवून घ्यायचो. वाटायचं, चांगला पावसाळा झाला की रांग लागेल, सगळे पंप बसवून द्यायचं काम आपल्यालाच मिळेल. रांग कधी लागली नाही. तेवीस पंपांतले पाच गेले असतील परत. बाकीच्यांनी इंजिनं भंगारात घातली, नाहीतर लायटीची मोटर बसवली, काहींनी वावरच विकलं. पंप विचारायलाही कोणी आलं नाही.

पण तेव्हा हे माहीत नव्हतं. हिला तर अजिबात नव्हतं. ती सातवी शिकलेली, माझ्याहून तीन यत्ता पुढं. तिनं पत्र्याचे तुकडे कापून त्यावर रंगानं गाव आणि नाव लिहिलं आणि प्रत्येक पंपाच्या गळ्यात तारेनं बांधलं. जो येईल त्याला सांगायची, "जसा देल्ला तसाच भेटन भाऊ."

मी एकदा चिडून म्हटलं, "तू कोनाच्या भरवशावर सांगते वं?"

"तुमच्या."



अमावस्येला आमच्याकडे कोणी नवं काम आणत नाही, इंजिन सुरू करत नाही. तोच दिवस आम्ही फळीसाठी धरला. दर अमावस्येला चहा झाला की दुकानाचं एक दार लोटून घ्यायचं आणि पंप खाली काढायचे. मी पंपाची टोपी उघडायचो, तेल पाहायचो, कमी असलं तर वर भरायचो. दांडी ती पाहायची. पंप दोन्ही हातांत धरून तिरपा करायची. पंप चांगला असला की दांडी आपल्याच वजनानं खाली सरकते, बोट लावावं लागत नाही. ती सरकली की ही म्हणायची, "पडली." मग दुसरा. "पडली." मग तिसरा. तेवीस वेळा. तिच्या तोंडून ते ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

खरं सांगायचं तर मला त्या फळीचा राग यायला लागला होता. दिवसभर दुकानात काम नाही, समोरच्या चहावाल्याशी तरी किती वेळ बोलणार, आणि महिना सरला की दुसऱ्याच्या मेलेल्या पंपांची चाकरी. लोकांना मी पुढं सांगितलं की हिला दम लागायचा, पंप उचलवत नव्हते, म्हणून मी जाड तेल आणलं. दम लागायचा हे खरं आहे. दोन पंप उचलले की टेकून बसायची. मी म्हणायचो घासलेटच्या वासानं होते, बाहेर बसत जा. पण तेल मी तिच्यासाठी आणलं नाही. माझ्यासाठी आणलं. एकदा भरलं, टोपी घट्ट केली, दोन वर्षं पाहायचं नाही, असं मला पाहिजे होतं.

मधेच एका माणसाचं सांगितलं पाहिजे, कारण त्याचा पंप यात आहे. दोन कोसांवरच्या गावचा, वयानं माझ्याएवढा. त्यानं पंप आधी घरीच ठेवला होता. त्याचा बाप वखर, तिफण, गाडीचा आख सगळ्याला जवसाचं तेल पाजायचा, उन्हापावसात लाकूड टिकायचं. यानंही पंपात घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल भरलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि ज्वारीच्या कणगीत ठेवला. वर्षानं काढला तर आत सगळं वाळून घट्ट, पालिश मारल्यासारखं. जवस वाळते हे त्याला माहीत होतं, लाकडावर ते वाळावं म्हणूनच तर लावतात. पंपात वाळलं तर काय होते, हे त्याला कोण सांगणार.

दुकानात तेव्हा चार माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोर पंप वर धरला आणि म्हटलं, "पंप हाये का भजं? तळाले आनला काय?"

सगळे हसले. त्या माणसानं टोपी काढून तोंड पुसलं. म्हणाला, "घरात जे चांगलं व्हतं तेच टाकलं, मिस्त्री."

तो गेल्यावर ही आतून आली. माझ्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, की त्या घरात भाजीला फोडणी द्यायला तेल असेल की नाही कोण जाणे, त्यानं पंपाला दिलं, आणि तुमी हासून रायले. मग तिनंच तो पंप डिझेलमध्ये भिजत घातला. तीन दिवस डिझेल बदलत होती, गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवत होती. चौथ्या दिवशी दांडी हलली. टेस्ट ऑईल भरून, पत्रा बांधून पंप फळीवर ठेवला आणि त्या माणसाला निरोप धाडला की चांगला झाला, पाणी लागलं की घेऊन जा.

होळीच्या आधी मी अकोल्याहून एका भंगारवाल्याकडून नव्वद नंबरचं सुटं तेल आणलं, गिअरात घालतात ते. ड्रमातलं. त्यात आणखी कशाची भेसळ होती ते त्यालाच माहीत. वस्तादाच्या चार वाट्यांत हे तेल कधी नव्हतं, आणि काहून नव्हतं हे मला कळत होतं. तरी म्हटलं, करून पाहू. सगळ्यात आधी ते मी जवसाच्या तेलवाल्याच्या पंपात भरलं. त्याचाच काहून? कारण मनात म्हटलं, हा काही येत नाही, आणि आला तरी याला काय समजते. हिला सांगितलं नाही. पंप फळीच्या टोकाला सरकवून ठेवला. अमावस्या आली की म्हणायचो, तो राहू दे, तो मी पाहतो. आणि पाहायचो नाही. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ गेला. आमच्याकडचा वैशाख, त्यावर दुकानाला टिनाचं छप्पर, फळीवर हात ठेवला तरी चटका बसे.

मग ती आषाढातली अमावस्या. पाऊस नव्हताच. मी ड्रम फळीजवळ आणून ठेवला तेव्हा तिनं झाकण काढून बोट बुडवलं, बोटाला बोट लावून तार काढून पाहिली.

"अजी, हे कावून?"

मी म्हटलं, एकदा भरलं की दोन वर्षं पाहायचं काम नाही. सगळे पंप आज रिकामे करून टाकू.

"दांडी पडन काय यातून?"

"पडते."

"पाह्यलं तुमी?"

मी म्हटलं, "पाह्यलं. होळीपासून एका पंपात भरून हाये. लोण्यावानी चालते."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिच्याशी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो. कुठं गेलो होतो, किती प्यालो, कोणाला काय देऊन आलो. ते तिला सगळं कळायचं आणि ती सोडून द्यायची. पण पंपाबद्दल मी कधी खोटं बोललो नव्हतो. गिऱ्हाइकाशी नाही, तिच्याशीही नाही. तेवढं एक माझ्याजवळ होतं आणि ते तिला माहीत होतं.

"तुमी पाह्यलं असन तर भरा," ती म्हणाली.

आम्ही भरले. मी जुनं तेल डब्यात ओतत गेलो, ती नरसाळ्यानं नवं भरत गेली. ते जाड तेल उतरायला वेळ घ्यायचं, मधेच बुडबुडा यायचा, ती पंप हलवून थांबायची. भरलेला प्रत्येक पंप फडक्यानं पुसून, पत्र्यावरचा रंग जात तर नाही ना हे पाहून ती माझ्याकडे द्यायची. त्या दिवशी एकदाही "पडली" म्हटलं नाही. जाड तेल नुकतं भरल्यावर दांडी पाहण्यात अर्थ नव्हता. शेवटचा पंप फळीवर गेला तेव्हा ऊन उतरलं होतं.

तिनं विचारलं, "मंग आता अमावस्येले काय करू मी?"

"झोप," मी म्हटलं.

तिनं सोड्यानं हात धुतले आणि आत गेली.

दिवे लागायच्या वेळी तिनं आतून हाक मारली, जरा इकडे या म्हणून. मी ड्रमचं झाकण बसवत होतो, त्याचा आटा चुकत होता. येतो म्हटलं. आटा बसला तेव्हा गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, ज्वारीचं पीठ परातीत तसंच, हात पिठाचे. डोळे उघडे होते. ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गेली. मला वाटते त्याच्याही आधी गेली होती. कोणावर काय बोलायचं. हाक मारल्यावर मी लगेच उठलो असतो तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. पोरीला धामणगावला फोन केला. ती सकाळच्या गाडीनं येणार होती, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. बडनेऱ्याचा माझा साळा, हिचा भाऊ, मोटरसायकलनं आला. गल्लीतल्या बायका तिच्याजवळ बसल्या. "सुटली," असं एकीनं म्हटलेलं मी ऐकलं. कशातून सुटली, हे विचारावं वाटलं.

उजाडलं तसा मी दुकानाच्या बाजूचं दार उघडून आत गेलो. कोणी पाहिलं असेल तर वाटलं असेल, एकटा रडायला गेला. मी फळीच्या टोकाचा पंप काढला. जवसाच्या तेलवाल्याचा. फडक्यानं पुसला. दोन्ही हातांत धरून तिरपा केला, जशी ती करायची.

दांडी पडली नाही.

अजून तिरपा केला. झटका दिला. बोटानं ढकलली. अंगठा लावला. हलली नाही. टोपी उघडून पाहिलं, तेलाचा रंग गुळाच्या पाकासारखा झालेला, कडेला साय धरलेली. जवसानं जे केलं तेच यानं केलं होतं. फरक एवढा की त्या माणसाला माहीत नव्हतं.

पंप बाजूला ठेवला.  मग बाकीचे बावीस खाली काढायला लागलो.

काल काढलेलं टेस्ट ऑईल डब्यात होतं. रात्रभरात गाळ खाली बसला होता, वरचं चांगलं होतं. ते मी धुतलेल्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या डब्यात गाळून घेतलं. एकेक पंप उपडा करून नव्वद नंबर निथळायला ठेवला, डिझेलनं दोनदा धुतला, गाळलेलं टेस्ट ऑईल भरलं, तिरपा करून दांडी पाहिली, टोपी लावली. एका पंपाला चिलीम ओढायला लागते तेवढा वेळ. एकच रात्र गेली होती, म्हणून ते सगळे सुटत होते. चार, पाच, सहा.

साळा दारात आला. माझ्या हातातला पंप पाहिला. मग बाहेर जाऊन कोणाला तरी म्हणाला, मला ऐकू येईल असं म्हणाला, "तिकडे बायको पडेल हाये अन् हा पंप धुऊन रायला." त्याचं बरोबर होतं.  दहावा भरत होतो.

पोरगी आली तेव्हा तेरा झाले होते. घरात मोठा आवाज उठला, मग थांबला. नंतर ती डोक्यावर पदर घेऊन दुकानात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, तुमी काय करून रायले?"

"तेल बदलून रायलो."

"आता?"

मी तिला सांगावं असं मनात आलं. की तुझ्या आईला मी काल एक गोष्ट सांगितली आणि ती खोटी निघाली, आणि तिनं या सगळ्या लोकांना शब्द दिला आहे. पण पोरीला यातलं काय कळणार होतं, आणि मला तरी कोणत्या तोंडानं सांगता आलं असतं. मी म्हटलं, नऊ राहिले. ती तशीच परत गेली.

ऊन अंगणात आलं. तिरडी बांधून झाली होती, बांबूवर दोरी आवळल्याचा आवाज मी ऐकला होता. म्हाताऱ्यांपैकी एकजण बोलवायला आला. मी सांगितलं, तीन राहिले. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन लोकांना थांबा म्हटलं. लोक थांबले. कोणी खोकलं, कोणी विडी पेटवली. बाहेर पन्नासएक माणसं उन्हात उभी आहेत हे मला कळत होतं, ती आत झाकून पडली आहे हेही कळत होतं. तरी मी घाई केली नाही. शेवटच्या तिन्हींना दोनदाच धुतलं, एकदा धुऊन भागवलं नाही.

बावीस झाले. बावीसही दांड्या पडल्या.

तेविसावा राहिला, तो अडकलेला. तो एका दिवसात सुटणार नव्हता. मी घमेल्यात डिझेल ओतलं, पंप त्यात बुडेल असा ठेवला, त्याच्या गळ्यातला पत्रा काढून बाजूला ठेवला म्हणजे रंग जाणार नाही. घमेल्यावर पाटी झाकली. मग सोड्यानं हात धुतले, वास गेला नाही, आणि बाहेर येऊन तिला खांदा दिला.